रुग्णवाहिकेच्या आधी पोहोचणारा माणूस : नाशिकच्या चालकांचे प्रथमोपचाराचे अनुभव

मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता, पेठमार्गे गुजरातकडे उतरणारा रस्ता, छत्रपती संभाजीनगरचा रस्ता, हे सगळे नाशकात येऊन मिळतात. लासलगावचा कांदा, दिंडोरीची द्राक्षं, अंबड-सातपूरचा कारखान्यांचा माल, मनमाडजवळच्या पानेवाडीहून निघणारं पेट्रोल-डिझेल, सगळं चाकांवर. घाटात काही झालं की तिथे सगळ्यात आधी पोहोचतो तो मागून येणारा दुसरा चालक. डॉक्टर नाही, पोलीस नाही, चालक.

जड वाहनाच्या प्रशिक्षणाचा जो अभ्यासक्रम केंद्रीय नियमांत आहे, त्यात प्रथमोपचार हा वेगळा भाग आहे. तरी आडगावच्या ट्रक टर्मिनलवर कुणालाही विचारा, पट्टी प्रत्यक्ष बांधून पाहिलेला माणूस शोधावा लागतो. पेटी पासिंगच्या दिवशी गाडीत असते, नंतर ती सीटखाली जॅक-पान्यांमागे जाते. माझं म्हणणं एवढंच आहे की पेटी असणं आणि हाताला सवय असणं यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर कसं भरून काढायचं हे रस्त्यावरच्या माणसांनीच सांगावं. ट्रक, टँकर, एसटी, रिक्षा, स्कूल व्हॅन, कुणीही लिहा. काय पाहिलंत, काय केलंत, कुठे हात अडला. कंपन्यांची आणि माणसांची नावं नकोत.

ट्रेलर चालक, घोटी

कसारा घाट चढताना पुढे पिकअप उलटलेली. माणूस बाहेर फेकला गेलेला, मांडीतून रक्ताची धार. भोवती पंधरावीस जण. एक जण बाटलीनं त्याच्या तोंडात पाणी ओतत होता, बाकीचे फोनवर शूटिंग करत होते. माझा मेव्हणा देवळालीला तोफखान्यात होता, त्यानं घरी सुट्टीवर आला की हे शिकवलेलं: कापडाची जाड घडी, जखमेवर थेट दाब, दोन्ही हात सरळ, अंगाचा भार टाकायचा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रक्त थांबलं का ते बघायला कापड उचलायचं नाही. भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. माझा टॉवेल भिजला, त्यावर क्लीनरचा शर्ट आला. हात बधिर झाले पण सोडले नाहीत.

पाणी देणाऱ्याला मी ओरडलो, तो रागावला. त्याला वाटलं मी निर्दयी आहे. पण अर्धवट शुद्धीतल्या माणसाला पाणी पाजलं तर ते श्वासनलिकेत जातं, आणि पुढे ऑपरेशनची वेळ आली तर पोट रिकामं असलेलं बरं. भावना चांगली होती, माहिती नव्हती. असं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय.

महिला वाहक, एसटी

आम्हाला वाहकाचा बिल्ला काढताना प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र लागतं, त्यामुळे निदान एकदा तरी बँडेज हातात घेतलेलं असतं. चांदवडच्या पुढे गाडीत एका मुलाला फिट आली. लगेच एक आजोबा कांदा फोडायला लागले, दुसऱ्यांनी चप्पल काढली नाकाला लावायला. एकानं तर दातांमध्ये चमचा घालायचा प्रयत्न केला. मी सगळ्यांना मागे सरकवलं. आजूबाजूच्या पिशव्या काढल्या, डोक्याखाली माझी ओढणी ठेवली, घड्याळ बघितलं. झटके थांबल्यावर त्याला कुशीवर वळवलं, तोंडातली लाळ बाहेर येऊ दिली. आईला सांगितलं की पाच मिनिटांच्या वर झटके चालले किंवा लागोपाठ दुसरी फिट आली तर वाट बघायची नाही, थेट दवाखाना. आजोबा नंतर म्हणाले, "बाई, आमच्या वेळी कांद्यानंच उठायचं." फिट आपली आपण थांबते हो, आणि श्रेय कांद्याला मिळतं. त्यांना तसंच समजावलं, त्यांनी ऐकूनही घेतलं.

टँकर चालक, मनमाड

आमची गोष्ट थोडी वेगळी. धोकादायक माल वाहणाऱ्या चालकाला तीन दिवसांचं वेगळं प्रशिक्षण घ्यावंच लागतं, केबिनमध्ये त्या मालाची माहिती देणारं ट्रेमकार्ड ठेवावं लागतं. तिथे आगीबद्दल चांगलं शिकवतात. पण मला अनुभवानं कळलं ते असं की टँकर कलंडला की पहिला प्रथमोपचार म्हणजे गर्दी लांब ठेवणं. लोक कॅन आणि बादल्या घेऊन धावतात. मी वारा येतो त्या बाजूला उभं राहून फक्त हात हलवून ओरडत होतो, "विडी विझवा, मोबाईल खिशात, मागं व्हा." वाफ दिसत नाही, ती जमिनीलगत सरकत जाते, आणि लांबची ठिणगीसुद्धा पुरते.

माल अंगावर उडाला तर भिजलेले कपडे आधी काढायचे, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेलं तर डोळा उघडा धरून पाणी सोडत राहायचं, चोळायचं नाही.

८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्याच नाशकात संभाजीनगर रस्त्यावर बस पेटली आणि १२ माणसं गेली. तेव्हापासून मी कुठल्याही बसमध्ये बसलो की आधी संकटकालीन दार शोधतो. प्रवाशांनीही शोधावं. मान-पाठ दुखावलेल्या माणसाला हलवू नये हे खरं, पण गाडी पेटत असेल तर आधी बाहेर ओढायचं, मानेचा विचार नंतर.

गॅरेजवाला, द्वारका (नाशिक)

उन्हाळ्यात रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडून भाजलेले चालक दरवर्षी येतात. हातावर टूथपेस्ट, कधी ग्रीस, कधी हळद. डॉक्टरला ते सगळं खरवडून काढावं लागतं आणि तोच त्रास जास्त. साधं पाणी, बर्फ नाही, वीस मिनिटं वाहतं. गाडीतल्या जारचं पाणी चालतं. अंगठी, कडं सूज यायच्या आत काढा. फोड फोडू नका.

१०८ वर काम करणारा

आमच्या बाजूनं सांगतो. फोन येतो, "लवकर या, मोठा ॲक्सिडेंट झालाय." कुठे? "हायवेवर." वाडीवऱ्हेजवळ की विल्होळीजवळ? नाशिककडे येणारी बाजू की मुंबईकडे जाणारी? दुभाजक असलेल्या रस्त्यावर चुकीच्या बाजूला पोहोचलो तर पुढचा कट गाठून वळून यावं लागतं, आणि ती मिनिटं जखमीची असतात. म्हणून चालक दादांनो, किलोमीटरचा दगड वाचा, बाजू सांगा, किती जण आहेत, कुणी आत अडकलंय का, कुणी बेशुद्ध आहे का, एवढं सांगा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ वरही मदत मिळते, ११२ तर सगळीकडे आहे. समृद्धीवर गावं दिसतच नाहीत, तिथे किलोमीटरचा आकडा हाच पत्ता.

दुसरी गोष्ट, बारीक सुतळीनं करकचून बांधलेले हातपाय आमच्याकडे येतात आणि कधी बांधले ते कुणालाच माहीत नसतं. आधी दाब. दाबूनही रक्त थांबतच नसेल तरच रुंद पट्टीनं जखमेच्या वर, सांधा सोडून बांधा आणि वेळ लिहून ठेवा, कपाळावर पेनानं लिहिली तरी चालेल.

आणि टेम्पोच्या मागे हातपाय धरून झुलवत टाकू नका. गाडी लवकरच पोहोचतेय असं आम्ही सांगितलं असेल तर जिथे आहे तिथेच मान दोन्ही हातांनी स्थिर धरून बसा. कंटाळवाणं काम आहे, पण तेवढ्यावर एखाद्याचं पुढचं चालणं अवलंबून असतं.

रिक्षाचालक, शालिमार

सगळे शिकवताय ते ठीक. पण मी एका म्हाताऱ्या बाईंना रिक्षातून नेलं तर दवाखान्यात मलाच बसवून ठेवलं, नाव-गाव-पत्ता, "धडक तुम्हीच दिली ना?" दिवसाचा धंदा गेला. सीटवरचं रक्त मीच धुतलं. दुसऱ्या दिवशी स्टँडवर सगळे म्हणाले, कशाला पडतो मध्ये.

धागाकर्ता (ही चर्चा सुरू करणारा)

दादा, तुमचा राग रास्त आहे आणि चालक थांबत नाहीत त्याचं हेच मोठं कारण आहे. म्हणून कायदा नीट लिहितो. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं. मदत करणाऱ्यावर त्या मदतीतून काही झालं तरी दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही. २०२० च्या नियमांनुसार नाव-पत्ता द्यायची सक्ती करता येत नाही आणि थांबवून ठेवता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही हे तुमच्या इच्छेवर. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोकड न भरता मिळण्याची योजना आहे, आणि गंभीर जखमीला पहिल्या तासात पोहोचवणाऱ्याला 'राहवीर' म्हणून २५ हजार रुपये. हे स्टँडवर छापून लावायला हवं, मी फलक करून देतो.

स्कूल व्हॅन चालवणारी, इंदिरानगर

लहान मुलाच्या घशात चिक्की अडकली. खोकत होता तोवर मी हात लावला नाही, खोकू दिलं. आवाज बंद झाला, ओठ निळसर व्हायला लागले तेव्हा पुढे वाकवून खांद्यांच्या मधोमध तळहाताच्या टाचेनं पाच थापा, मग मागून मिठी घालून बेंबीच्या वर आत-वर पाच झटके. चौथ्याला तुकडा उडाला. हे एका पालक डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना पार्किंगमध्ये उभं करून शिकवलं होतं, उशी धरून. एक वर्षाखालच्या बाळाला पोटावर झटके द्यायचे नसतात, छातीवर दाब द्यायचा असतो, हेही तेव्हाच कळलं. वाचून माझ्या हातून हे झालं नसतं.

ट्रान्सपोर्ट मालक, सिन्नर

मला वेगळी बाजू मांडायची आहे. रुग्ण नेहमी रस्त्यावरचाच नसतो, चालकही असतो. मोहदरी घाटात आमच्या एका चालकाच्या छातीत दुखायला लागलं. तो म्हणाला गॅस झालाय, ढाब्यावर सोडा पिऊ. क्लीनर पोरगा विशीतला, पण त्यानं घाम आणि डाव्या हाताची कळ पाहिली आणि गाडी कडेला लावायला लावली. त्याला चालू दिलं नाही, चाकाला टेकवून बसवलं, बटणं सोडली, १०८ ला फोन केला. तपासणीत हृदयविकाराचा झटकाच निघाला. तो माणूस आज गाडी चालवत नाही, पण आमच्या गोडाउनला हिशोब बघतो.

त्यानंतर मी एका डॉक्टरांना सरावाचा पुतळा घेऊन सीपीआर शिकवायला बोलावलं, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबत राहणं. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान पाच सेंटीमीटर खोल, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. पोती उचलणारी दणकट पोरं, पण दोन मिनिटांत घामाघूम. तेव्हा सगळ्यांना पटलं की एकट्याचं काम नाही, दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचा. म्हणून आता क्लीनरला आधी शिकवतो, चालकाला नंतर. कारण चालकच आडवा पडला तर शुद्धीत असलेला दुसरा माणूस तोच असतो. मालकांनी खर्चाचा विचार करू नये. एक दिवस गाडी उभी राहते, बस.

ट्रेलर चालक, घोटी

पेटीचा विषय वर निघालाच आहे, तर मी काय ठेवतो ते सांगतो. निर्जंतुक गॉज मोठे, रुंद क्रेप बँडेज दोन-तीन, त्रिकोणी पट्टी, हातमोजे भरपूर, बोथट टोकाची कात्री, बॅटरी, साखरेची पुडी, ओआरएस. मधुमेह असलेल्या चालकाला रक्तातली साखर उतरून हात थरथरले, घाम फुटला तर शुद्धीत असताना साखर. गोळ्या-मलमं मी ठेवत नाही, उन्हात केबिनमध्ये खराब होतात. पेटी सीटखाली नाही, क्लीनरच्या बाजूच्या दारात आहे. गाडी उलटी झाली तरी बाहेरून हात पोहोचतो.