शब्दचर्चा: निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, आणि ‘पुनर्वसन’ नेमकं कशाला म्हणायचं?

खानापूरचा मास्तर
नमस्कार मंडळी. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेचा विषय ठरवतोय. कच्चा मसुदा असा: ‘परदेशातील निर्वासितांचे पुनर्वसन व मानवाधिकार ही सरकारची जबाबदारी आहे काय?’ वरच्या वर्गात सहज तोंडी देऊन बघितला. एकजण हिडकल धरणावर बोलला, एकीनं २०१९ च्या महापुरावर भाषण ठोकलं, तिसऱ्यानं थेट सीमाप्रश्नालाच हात घातला. पोरांना दोष देववत नाही, शब्दच तसले आहेत. निर्वासित, शरणार्थी, विस्थापित, आश्रित यांत फरक काय, आणि या विषयाला कुठला शब्द बसतो? जाणकारांनी सांगावं.

अनगोळकर
सोपं हाय की ओ सर. निर्वासित म्हणजे आपणच. १ नोव्हेंबर १९५६ ला रात्री झोपलो एका राज्यात, उठलो दुसऱ्यात.

टिळकवाडीची वकील
अनगोळकर, टाळी घ्या, पण शब्द परत ठेवा. आपण जागचे हललो नाही, हद्द हलली. घर, शेताचा उतारा, रेशनकार्ड, मतदान सगळं शाबूत राहिलं. आपलं गाऱ्हाणं भाषेचं आणि राज्याचं आहे, ते त्याच नावानं मांडलेलं बरं.

आता मास्तरांचा प्रश्न. ‘निर्वासित’ हे कर्मणी रूप आहे, घालवून दिलेला. म्हणजे घालवणारा कुणीतरी त्या शब्दातच बसलेला असतो. ‘शरणार्थी’ म्हणजे शरण, म्हणजे आसरा, मागणारा. तिथं घालवणारा दिसत नाही, ज्याच्या दारात तो उभा आहे तो दिसतो. ‘जबाबदारी कुणाची’ असं विचारताना हा फरक फार कामाचा. निर्वासित म्हटलं की आधी बोट जातं ते मूळ देशाच्या सरकारकडे. शरणार्थी म्हटलं की प्रश्न आपल्या सरकारला येतो.

१९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या व्याख्येत या दोन्ही बाजू आहेत. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत यांपैकी कशावरून तरी छळ होईल अशी सकारण भीती, माणूस स्वतःच्या देशाबाहेर असणं, आणि त्या देशाचं संरक्षण त्याला मिळत नसणं किंवा भीतीपोटी घेता येत नसणं. १९६७ च्या जोडकरारानं त्यावरची काळाची मर्यादा काढली. भारतानं दोन्हींवर सही केलेली नाही. या व्याख्येत महापूर नाही, धरण नाही, गरिबीही नाही. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीचा विषय पूरग्रस्त आणि त्या पोराचा धरणग्रस्त. देशातल्या देशात घर सुटलं तर विस्थापित.

आणखी एक. वर्तमानपत्रं दोन माणसांना एकच शब्द वापरतात. ज्याचा आसऱ्याचा अर्ज अजून ठरायचाय तो एक, ज्याला दर्जा मिळालाय तो दुसरा. पहिल्याला मी ‘आश्रयार्थी’ लिहिते. रूढ नाही, पण मराठीला परका वाटत नाही.

शहापूरची कन्नड बाई
ताईंचा ‘शरणार्थी’ वाचून हसू आलं. आमच्या गल्लीत सकाळी दहा वेळा कानावर पडतो. लिंगायत घरांत भेटल्यावर ‘शरणु शरणार्थी’ म्हणतात, नमस्कार म्हणून. बसवण्णांच्या परंपरेत ‘शरण’ म्हणजे भक्त, आदराचा शब्द. उलट मराठीत ‘शरण आला’ म्हटलं की हरलाच. एकच शब्द, पण एका घरात मान आणि शेजारच्या घरात मानहानी. बेळगावच्या पोरांसमोर बोलताना हे ध्यानात असू द्या.

खरा घोळ पुढं आहे. कन्नडमध्ये परदेशातून जीव वाचवून आलेल्याला ‘निराश्रितरु’ म्हणतात. बातमीत तोच, सरकारी कागदावर तोच. मराठी डोळ्यांना तो ‘निराश्रित’ दिसतो आणि मनात येते निराधार म्हातारी, पेन्शन, अनाथालय. आमच्याकडे भाषांतर करताना पुष्कळजण शब्द जसाच्या तसा उचलतात. मग ‘म्यानमारचे निराश्रित’ असं मराठीत छापून येतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, हे दानधर्माचं प्रकरण. छळ, पळापळ, सरहद्द सगळं पुसलं जातं.

‘संत्रस्त’ची तीच गत. कन्नडमध्ये पूरग्रस्ताला ‘प्रवाह संत्रस्त’ म्हणतात. मराठीत संत्रस्त म्हणजे वैतागलेला, घाबरलेला. महापुराच्या वेळी ‘संत्रस्तांना मदत’ असं आपली मराठी मंडळीसुद्धा लिहू लागली होती. तो सुटला तर बरं. ‘जवाब्दारी’ मात्र कन्नडमध्येही आहे, त्याची काळजी नको!

निपाणीकर
मास्तर, मुलांना लांबची उदाहरणं कशाला देता? आपल्यापासून कोल्हापूर किती लांब? कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ मध्ये पोलंडच्या लोकांची छावणी उभी राहिली. पाचेक हजार माणसं, त्यात बायका-पोरंच जास्त. १९४० च्या सुमारास सोव्हिएत सरकारनं त्यांना घरातून उचलून सैबेरिया, कझाकस्तानकडे नेलं होतं. सुटका झाल्यावर इराणमार्गे ती हिंदुस्थानात आली. खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा, जागा कोल्हापूर संस्थानातली. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं.

आता शब्द लावून बघा. सोव्हिएत सरकारनं घालवलं म्हणून निर्वासित. कोल्हापुरात आसरा मिळाला म्हणून आश्रित. आणि युद्ध संपल्यावर? पोलंडात नवी राजवट आली, तिच्या हाताखाली परत जायला बरेचजण तयार नव्हते. ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिका असे पांगले. या तिसऱ्या टप्प्याला मराठीत काय म्हणायचं? ‘पुनर्वसन’ म्हटलं तर कोल्हापुरात पाच वर्षं राहिले तेही पुनर्वसनच वाटतं.

ती छावणी रिकामी झाली आणि त्याच बराकींत फाळणीनंतरचे सिंधी आले. तेच आजचं गांधीनगर, जिथून आपण लग्नाचा बस्ता आणतो. जुनी माणसं त्यांना ‘निर्वासित’ म्हणत. पण ते तर भारताचे नागरिक झाले! पोलिश माणसाला आणि सिंधी माणसाला एकच शब्द, एकाच बराकीत, आणि कायद्यानं दोघांची गोष्ट वेगळी.

टिळकवाडीची वकील
निपाणीकर काका, उदाहरण लाख मोलाचं. फाळणीच्या कायद्यांतही हा भेद जपला होता. १९५४ चा भरपाईचा कायदा होता ‘विस्थापित व्यक्तीं’साठी. इकडून पाकिस्तानात निघून गेलेल्यांच्या मागं राहिलेल्या घरादाराला १९५० च्या कायद्यात ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हटलं होतं. निष्क्रांत म्हणजे निघून गेलेला. कुणी घालवला, का गेला, यावर तो शब्द मुद्दाम गप्प आहे. मला तो आवडत नाही, पण सरकारी शब्द कसे घडतात याचा नमुना म्हणून पोरांना जरूर दाखवा.

पुनर्वसनाबद्दल: संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक कामात तीन वाटा मानतात. स्वखुशीनं मायदेशी परतणं, आसरा दिला त्याच देशात मिसळून जाणं, किंवा तिसऱ्या देशानं आपणहून घेऊन जाणं. मराठीत आपण तिन्हींवर ‘पुनर्वसन’ हा एकच शिक्का मारतो. तिसऱ्या वाटेला मी ‘तिसऱ्या देशात वसवणूक’ म्हणते. लांब आहे, पण गैरसमज होत नाही. भूतानमधून हाकलले गेलेले नेपाळीभाषक वर्षानुवर्षं नेपाळच्या छावण्यांत होते. २००७ पासून त्यातले एक लाखाहून जास्त लोक वेगवेगळ्या देशांनी नेले, बहुतेक अमेरिकेनं. ही ती वसवणूक. कुठलाही देश ही कराराची सक्ती म्हणून करत नाही, स्वतः ठरवून करतो. अमेरिकेत १९८० च्या कायद्याप्रमाणे राष्ट्राध्यक्ष दरवर्षी संसदेशी सल्लामसलत करून आकडा ठरवतात, त्यामुळे सरकार बदललं की आकडा कोसळूही शकतो. कॅनडात तर नागरिकांचे गट एकत्र येऊन एखाद्या कुटुंबाचा साधारण वर्षाचा भार उचलत आले आहेत. म्हणजे ‘सरकारची जबाबदारी’ हे गृहीतकही तपासायला हवं.

हल्याळकर
आमच्या शेजारच्या मुंडगोडचं कुणीच काढलं नाही. १९६६ पासून तिथं तिबेटी वसाहत आहे. आम्ही ‘कॅम्प’ म्हणतो, कॅम्प नंबर एक, दोन असं. (बेळगावकरांनी गैरसमज करून घेऊ नये, तुमचा कॅम्प लष्कराचा.) जंगल तोडून शेती केली, मका लावला, मोठमोठे मठ उभे राहिले. थंडीत यांचीच माणसं शहरोशहरी स्वेटर घेऊन बसतात. रस्त्यावरच्या गिऱ्हाईकाला ते फक्त ‘स्वेटरवाले’. कुणी त्यांना निर्वासित म्हणत नाही, शरणार्थी तर नाहीच.

पुनर्वसन म्हणाल तर याहून चांगलं कुठलं? जमीन दिली, शाळा झाल्या, दवाखाने झाले. पण तिथं जन्मलेल्या पोरालाही परदेशी म्हणून नोंदणी प्रमाणपत्र ठेवावं लागतं, ते वेळच्या वेळी नवं करून घ्यावं लागतं. जमीन मालकीची नाही. वसाहत झाली, नागरिकत्व नाही झालं. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेल्या तिबेटी मुलीला जन्मानं भारतीय ठरवलं, त्यानंतर हळूहळू पासपोर्टाचा रस्ता मोकळा झाला. त्यातही सगळेच ते घेतात असं नाही. काहींना वाटतं, भारतीय झालो तर तिबेटवरचा दावा सैल पडेल.

म्हणून माझं मत: ‘पुनर्वसन’ला घर आणि जमीन एवढाच अर्थ ठेवा. हक्काचा भाग वेगळा लिहा.

चंदगडचा पोरगा
वकीलताईंचं ‘सरकार’ राहिलं की. आमच्या सीमेवर सरकार म्हटलं की आधी विचारतात, कुठलं? बेंगळुरूचं, मुंबईचं की दिल्लीचं?

टिळकवाडीची वकील
आणि प्रश्न अगदी रास्त आहे. परकीय नागरिक, त्यांचा देशात प्रवेश, त्यांना बाहेर काढणं हे सगळं घटनेच्या केंद्रसूचीत. जमीन राज्यसूचीत. म्हणून मुंडगोडला परवानगी दिल्लीची आणि रान तेव्हाच्या म्हैसूर राज्याचं. विस्थापितांचं साहाय्य आणि पुनर्वसन म्हणून समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या, सूचीत एक नोंद आहे, पण तीही फक्त भारत-पाकिस्तान झाल्यामुळे घर सुटलेल्यांपुरती. बाकीच्यांसाठी स्वतंत्र कायदाच नाही. जे झालं ते धोरणानं आणि मर्जीनं.

राज्यांच्या हाती नाव बदलणं तेवढं असतं. तमिळनाडूनं २०२१ मध्ये श्रीलंकेतून आलेल्यांच्या छावण्यांचं नाव बदललं. निर्वासित छावणीऐवजी ‘मरुवाळ्वु मुगाम’, मरु म्हणजे पुन्हा, वाळ्वु म्हणजे जगणं. शब्द सुरेख आहे. कायद्यातला दर्जा मात्र त्यानं बदलला नाही, कारण तो चेन्नईच्या हातात नाही.

न्यायालयांनी काय म्हटलंय तेही सांगते. १९९६ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून येऊन अरुणाचलात राहिलेल्या चकमांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की घटनेच्या कलम २१ मधलं जिवाचं संरक्षण नागरिकाला तसंच परक्यालाही आहे, आणि ते राज्य सरकारनं द्यायचं आहे. २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर तेच कलम सर्वांसाठी असल्याचं मान्य केलं, पण देशाबाहेर न काढलं जाण्याचा हक्क नागरिकांपुरता धरला. इथं ‘तडीपार’ वापरू नका, तो जिल्ह्याबाहेर काढलेल्या गुंडाचा. ‘प्रत्यार्पण’ही नाही, तो गुन्हेगार सोपवण्याचा. छळ होईल अशा देशात माणसाला परत ढकलू नये या तत्त्वाला साधं ‘परत न लोटणं’ म्हणावं.

चंदगडचा पोरगा
मग ‘परदेशातील मानवाधिकार’चं काय? आधी ‘मानवी हक्क’ करा. मराठीत आयोगाचं नाव तेच, कन्नडमध्येही ‘मानव हक्कुगळु’. अधिकार म्हटलं की आपल्याकडे खुर्चीवरचा साहेब आठवतो.

दुसरं, मित्र वादात म्हणाला, ‘दुसऱ्या देशात दखल देऊ नये.’ दखल देणं हे हिंदी झालं. मराठीत दखल घेतात, आणि ते चांगलंच असतं. वाईट ती ढवळाढवळ. शब्द नीट वापरला तर निम्मा वाद मिटतो. भारतानं १९४६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. विजयालक्ष्मी पंडित शिष्टमंडळाच्या प्रमुख होत्या. दक्षिण आफ्रिका म्हणाली, ही आमची अंतर्गत बाब. महासभेनं दखल घेतली. देश स्वतंत्रही झाला नव्हता तेव्हा!

खानापूरचा मास्तर
मंडळी, भरून पावलो. आता विषय असा करतो: ‘छळामुळे देश सोडून भारतात आलेल्या निर्वासितांना आसरा व मानवी हक्कांचे संरक्षण देणे ही केंद्र सरकारची जबाबदारी आहे की मर्जी?’ परदेशातल्या हक्कांचा विषय वेगळा काढला, तो दहावीला देतो. ‘शरणार्थी’ ऐवजी ‘निर्वासित’च ठेवलाय, शहापूरच्या बाईंच्या नमस्काराला धक्का नको.

अनगोळकर
विषय बेस. पण पोरं ‘घुसखोर’ म्हणणार, त्याचं काय करूलालासा?

टिळकवाडीची वकील
म्हणू द्या, मग विचारा हा शब्द कायद्यात कुठं आहे. नागरिकत्वाच्या कायद्यात ‘बेकायदा स्थलांतरित’ आहे, कागदांशिवाय आला किंवा मुदत संपून राहिला तो. त्यात छळ होता की नव्हता हे विचारलेलंच नाही, म्हणून खरा निर्वासितही त्यात सापडू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनं तीन देशांतल्या सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या लोकांना त्या व्याख्येतून वगळलं. त्यावर भाषणं झाली त्यांतली बरीचशी ‘शरणार्थी’ म्हणत. दुरुस्तीचा मजकूर काढून बघा, त्यात तो शब्द एकदाही नाही. ‘बेकायदा स्थलांतरित मानले जाणार नाहीत’ एवढंच आहे.