मदत हवी आहे: वळताना होडीचा पंखा हवा खातो

नमस्कार मंडळी. सोळा फुटी फायबरची होडी, मागे १५ एचपीचं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, खाली पाण्यात पंखा). सरळ जाताना तक्रार नाही. पण जाळं आणि बर्फाची पेटी मागे ठेवून वळण घेतलं की नाळ (होडीचं पुढचं टोक) वर उठते, पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं. पंख्यावरची आडवी पट्टी होडीच्या तळापेक्षा दोन बोटं वर आहे. ती तळाच्या पातळीत किंवा किंचित खाली हवी ना? मग इंजिनच खाली उतरवू, की आधी वजन पुढे सरकवून, टिल्टची पिन (इंजिनाचा कल ठरवणारी) एक भोक आत घेऊन पाहू? सगळे पंखा बदला म्हणतात, मला ते पटत नाही.

शिवाय इंजिनातून पडणारी पाण्याची धार हल्ली बारीक झालीय. इम्पेलर (इंजिन थंड ठेवायला पाणी खेचणारं पात्यांचं चाक) गेला, की पाण्याच्या वाटेत मीठ साचलं? खोलण्याआधी ओळखायचं कसं?