केनिया पर्वत : पॉइंट लेनानाच्या मोहिमेत काटकसर नेमकी कुठे करावी?

प्रश्न
आम्ही पुण्यातील तिघे मित्र जानेवारीअखेरीस केनिया पर्वत राष्ट्रीय उद्यानात जाण्याचा विचार करीत आहोत. सह्याद्रीत वर्षानुवर्षे हिंडलो असलो, तरी 4,000 मीटरच्या वर आमच्यापैकी कोणीही गेलेला नाही. किलिमांजारोचा खर्च आवाक्याबाहेरचा असल्यामुळे हा पर्याय निवडला आहे. उद्यानाचे शुल्क दिवसागणिक आकारले जाते, म्हणून सिरिमोनच्या वाटेने चढून तीनच दिवसांत 4,985 मीटर उंचीचे पॉइंट लेनाना हे शिखर गाठून परतावे, असा बेत आहे. तो कितपत व्यवहार्य आहे? शिधा पाठीवर वाहण्याची आमची तयारी आहे.

पहिले उत्तर
काटकसर अवश्य करा, पण दिवसांत करू नका. सिरिमोनचे प्रवेशद्वार सुमारे 2,650 मीटरवर, ओल्ड मोझेस तळ 3,300 मीटरवर आणि शिप्टन तळ 4,200 मीटरवर आहे. म्हणजे दुसऱ्याच दिवशी तुमची मुक्कामाची उंची 900 मीटरने वाढते, आणि 3,000 मीटरच्या वर ही वाढ रोज 500 मीटरपेक्षा जास्त नसावी, असा सर्वसाधारण संकेत आहे. कळसूबाई सहज चढणाऱ्या धडधाकट माणसालाही विरळ हवा सोडत नाही. माझे स्वतःचे डोके शिप्टनला असे ठणकू लागले, की समोर उभी असलेली बॅटियन आणि नेलियन ही शिखरे धड पाहवेनात. तिसरा दिवस तिथेच काढावा, दुपारी हाउसबर्ग खिंडीच्या दिशेने थोडे चढून झोपायला खाली यावे आणि चौथ्या दिवशी पहाटेपूर्वी लेनानाकडे निघावे. नारो मोरूची वाट अंतराने कमी असल्यामुळे स्वस्त वाटते, परंतु तिथे मेट स्टेशनपासून मॅकिंडर तळापर्यंत एका दिवसात 1,100 मीटरहून अधिक चढाव आहे, आणि मधली दलदल वेगळीच.

दुसरे उत्तर
वरील मताशी सहमत आहे. उद्यानात एकट्याने चढण्यास परवानगी नाही. तुम्ही तिघे असलात तरी वाटाड्या घ्यावाच. नैरोबीत सगळी सहल एकगठ्ठा विकत घेण्याऐवजी मटाटूने (तिथल्या प्रवासी मिनीबसने) सुमारे 200 किलोमीटरवरील नान्युकी या गावी जावे आणि परवानाधारक वाटाड्या तिथेच ठरवावा. खरी बचत इथे होते. शाकाहारी असाल तर नान्युकीत चपाती आणि न्डेंगू मागा. न्डेंगू म्हणजे आपले मूगच. गॅसचे डबे विमानात नेता येत नाहीत, म्हणून ते नैरोबीतच घ्यावे लागतील. उद्यानात एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटल्यांना 2020 पासून बंदी आहे, तेव्हा धातूच्या बाटल्या न्याव्यात. शिप्टनला शिधा उघडा ठेवू नये. तिथले हायरॅक्स हे सशाएवढे केसाळ प्राणी भलतेच धीट आहेत.

तिसरे उत्तर
एक गोष्ट राहिली. केनियाहून भारतात परतताना पीतज्वराच्या लसीचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य ठरते. नसल्यास विलगीकरणात राहावे लागू शकते. ही लस मोजक्याच अधिकृत केंद्रांवर मिळते, त्यामुळे तारीख आताच घ्या. प्रवासाची इलेक्ट्रॉनिक परवानगीही निघण्यापूर्वी ऑनलाइन काढावी लागते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. बेत पाच दिवसांचा केला असून वाढलेल्या शुल्काची भरपाई नैरोबीतील मुक्काम कमी करून करीत आहोत.