रोमला जाताय तर पँथिऑन गाळू नका
कलोसियम आणि रोमन फोरम पाहून पाय दुखले तर पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ गाळलं तरी चालेल का, असं तुम्ही विचारलंय. कृपया गाळू नका! फोरममध्ये पडके खांब पाहून मूळ इमारत मनातच उभी करावी लागते. पँथिऑनमध्ये मात्र जवळपास १९०० वर्षांपूर्वीचा घुमट अख्खाच्या अख्खा डोक्यावर आहे. व्यास ४३ मीटर, सगळा काँक्रीटचा, आणि आत लोखंडी सळई एकही नाही. वरच्या उघड्या झरोक्यातून पाऊस थेट आत पडतो. खाली वाकून बघा, फरशीत पाणी जायला बारीक भोकं ठेवलीत. मी तिथेच बराच वेळ उकिडवा बसलो होतो. पाण्याची बाटली मात्र रिकामीच न्या, रस्त्यांवरच्या लोखंडी नळांचं पाणी पिण्याचंच असतं.