वसईत फोटोवॉक करायचाय, पण कमानीच्या पलीकडे बघायचं काय?

फिरस्ता_डोंबिवली

नमस्कार मंडळी. एक सेकंडहँड मिररलेस कॅमेरा घेतलाय, सोबत एकच ३५ मिमीची लेन्स, आणि तेव्हापासून रविवारी सकाळी कुठल्यातरी जुन्या भागात पायी भटकून फोटो काढायचं वेड लागलंय. फोर्ट झालं, चर्चगेट नावातलं चर्च म्हणजे सेंट थॉमस कॅथेड्रल हे तिथे उभं राहिल्यावर डोक्यात शिरलं, मग गिरगावात खोताची वाडी झाली, वांद्र्यात प्लेगच्या काळात उभारलेले क्रूस शोधत फिरलो. आता वसई. किल्ल्यात जाऊन आलो पण घरी येऊन बघतो तर सगळे फोटो तेच जे इंटरनेटवर हजारोंनी आहेत, पडकी कमान, मध्ये झाड, समोर एक माणूस पाठमोरा. त्यात दर वीस पावलांवर प्रीवेडिंगवाले, नवरीचा गाऊन उडवायला दोन पोरं, धुराच्या नळकांड्या, वगैरे. मला चर्चेसचा आणि गावाचा इतिहास फोटोत यायला हवाय, पण बघायचं काय आणि कुठून कुठे चालायचं तेच कळत नाहीये. गावातल्या चालू चर्चमध्ये कॅमेरा घेऊन गेलेलं चालतं का? लोकल माणसांनी प्लीज सांगा.

बावखल

दादा, तुमचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे, किल्ला बघून परत गेलात ना! सगळे तेच करतात. स्टेशनला उतरतात, रिक्षाने थेट किल्ला, दोन तास, परत रिक्षा. मधली अख्खी वसई रिक्षातून बघतात म्हणजे बघतच नाहीत. किल्ल्यात जी चर्चेस आहेत ती पडकी आहेत, तिथली वस्ती जाऊन पावणेतीनशे वर्षांच्या वर झाली, पण तोच धर्म पाळणारी माणसं बाहेर पापडी, सांडोर, रमेदी, गास, निर्मळ, नंदाखाल या पट्ट्यात जिवंत आहेत आणि ती घरात मराठी बोलतात, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना मराठीत होते, दफनभूमीत थडग्यांवरची नावं देवनागरीत कोरलेली, तुस्कानो, घोन्सालविस, लोपीस, डाबरे. हे मुंबईतून आलेल्या माणसाला माहीतच नसतं, त्याला वाटतं ख्रिश्चन म्हणजे इंग्लिश. आम्ही कुपारी, म्हणजे इथला एक ख्रिस्ती समाज, घरात सामवेदी म्हणजे कादोडी बोलतो, ती ऐकून पुण्याचा माणूस निम्मी समजतो आणि निम्मी समजल्यासारखं करतो 😄

माझं ऐकाल तर सुरुवात पापडीपासून करा. तिथलं आवर लेडी ऑफ ग्रेस हे आता कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च आहे, १९९८ साली वसईचा वेगळा धर्मप्रांत झाला तेव्हापासून. तिथून मोठ्या रस्त्याने न जाता आतल्या वाड्यांमधून चाला. वाटेत तिठ्यांवर क्रूस दिसतील, चुन्याने रंगवलेले, कुणी हार घातलेला, कुणी संध्याकाळी मेणबत्ती लावलेली. खाली बहुतेक वेळा कुणी बांधला, कधी बांधला हे लिहिलेलं असतं, ते क्लोजअपमध्ये घ्या, तोच तुमचा इतिहास. आणि बावखलं बघा. बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं, पावसाचं पाणी यात मुरायचं, त्यावर केळीच्या आणि पानाच्या वाड्या उभ्या होत्या, आणि हे पाणी टिकलं म्हणून समुद्राला चिकटून असूनही आमच्या विहिरी गोड राहिल्या. आता भराव टाकून टाकून बुजवतायत, वर टॉवर. जी राहिलीत त्यांचे फोटो काढणं हेच मोठं काम आहे, चर्चचे फोटो काढणारे भरपूर आहेत, बावखलाचे कुणी काढत नाही.

चुनखडी_आणि_दगड

वरच्यांचं बरोबर आहे पण किल्ला इतका झटकून टाकू नका हो. प्रॉब्लेम किल्ल्यात नाही, लोक वर बघतात त्याच्यात आहे. वसईत बघायचं ते पायाखाली आणि दरवाजाच्या डोक्यावर.

थोडी पार्श्वभूमी, म्हणजे फ्रेम करताना उपयोगी पडेल. १५३४ला गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली, पुढची दोनशे वर्षं हे त्यांचं उत्तरेकडचं मुख्य ठाणं, गोव्याखालोखाल. पंथ तितकी चर्चेस, फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन, सगळ्यांचे मठ एका तटबंदीच्या आत. मग १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी घेतली, सेंट सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग लावून. तहात पोर्तुगीजांना शस्त्रांसह बाहेर पडू दिलं आणि जे मागे राहतील त्यांना त्यांचा धर्म पाळू देण्याचं कबूल केलं, हे कलम लक्षात ठेवा, बावखल म्हणतायत ती पापडी-सांडोरची माणसं बघताना ते आठवलं पाहिजे. पुढे ३१ डिसेंबर १८०२ला दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला तोही वसईचाच. म्हणजे एका गावाच्या नावावर पेशवाईचा सगळ्यात मोठा विजय पण आणि शेवटाची सुरुवात पण.

आता फोटोचं. किल्ल्यातून बंदरापर्यंत डांबरी रस्ता जातो, त्याच्या दोन्ही बाजूंना झाडीत हे सगळं विखुरलंय. तीन जागा सोडू नका.

एक, फ्रान्सिस्कनांचं चर्च. आत जमिनीवर थडग्यांच्या फरशा आहेत, पोर्तुगीज अक्षरं, घराण्यांची चिन्हं. भर दुपारी गेलात तर काहीच दिसत नाही, सपाट काळा दगड. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, उजेड तिरपा पडला की अक्षरं आपोआप उठून येतात. सावलीत असेल तर मोबाईलचा टॉर्च फरशीला जवळजवळ टेकवून बाजूने मारा, कॅमेरा वरून सरळ धरा. एवढं पुरतं. आणि कृपा करून खडू फासू नका, तेल-पाणी ओतू नका, लोक अक्षरं वाचायला खडूने रंगवतात, दगड खराब होतो आणि पुढच्याला चुकीचं अक्षर वाचायला मिळतं.

दुसरं, समुद्राकडच्या दरवाजाजवळचं सेंट जोसेफ, तेव्हाचं मुख्य चर्च. मनोरा सगळे काढतात. प्रवेशाच्या वर जो लेख आहे तो काढा, १६०१ साली आर्चबिशप आलेइशो द मेनेझिसच्या काळात चर्च नव्याने बांधलं असं त्यात आहे. वर बघताना ३५ कमी पडेल, जमलं तर लांबची लेन्स उसनी घ्या.

तिसरं, जेझुइटांचं. दर्शनी भाग अजून उभा आहे, खांब, नक्षी. गोन्सालो गार्सिया हा वसईचाच मुलगा याच जेझुइटांकडे शिकला, पुढे जपानमध्ये गेला आणि १५९७ला नागासाकीत त्याला क्रुसावर मारलं. १८६२ला संत झाला. इथे नुसती भिंत काढण्यापेक्षा दरवर्षी त्याच्या सणाला किल्ल्यात मिस्सा होते तेव्हा या, छप्पर नसलेल्या चर्चमध्ये माणसं भरलेली असतात, तो फोटो प्रीवेडिंगवाल्यांना नाही मिळायचा.

ट्रायपॉड आणि ड्रोनला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात शेवाळाने फोटो भारी येतात पण लेख सगळे झाकले जातात, तुमच्या कामासाठी दिवाळीनंतर.

पंचवटी_एक्सप्रेस

तुम्ही सगळे वसईत शोधताय, अर्धी वसई आमच्याकडे आहे! नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळात जी घंटा टांगलीय ती वसईच्या मोहिमेतली, वर १७२१ साल आणि पोर्तुगीज अक्षरं. मोठ्याने बोलणाऱ्याला आम्ही नारोशंकराची घंटा म्हणतो, माझ्या एका मावशीला अख्खं घर म्हणायचं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यापाशी घाटावर एक आहे, तिच्यावर तर मेरी आणि बाळ येशू उठावात आहेत, भीमाशंकरलाही आहे. फिरस्ता भाऊ, वसईच्या मनोऱ्याचा रिकामा कोनाडा आणि नाशिकची घंटा अशी जोडी लावा, मालिका तयार.

लुगडं_आणि_लेन्स

सगळं छान चाललंय पण एक बाई म्हणून सांगते, पापडीतच वाढलेय. "आतल्या वाड्यांमधून चाला" म्हणजे कुणाच्या तरी अंगणातून चाला, वाडी म्हणजे काही पब्लिक पार्क नाही. माझी आजी लुगडं नेसायची, शेवटची काही वर्षं तिला रस्त्यात थांबवून फोटो काढणारे इतके झाले की ती मिस्सेला जाताना मागच्या वाटेने जायची. कुणी नाव विचारायचं नाही, कुणी फोटो पाठवायचं नाही, फक्त "आजी इकडे बघा". मग तो फोटो कुठेतरी कॅलेंडरवर, खाली "पारंपरिक वेशभूषा". पारंपरिक काय, ते तिचे रोजचे कपडे होते.

तर चालू चर्चबद्दल: मिस्सा चालू असताना कॅमेरा बाहेर काढू नका, विशेषतः कम्युनियनच्या म्हणजे पवित्र भाकर देण्याच्या वेळी. मिस्सा संपली की फादरना किंवा ऑफिसात विचारा, बहुतेक जण हो म्हणतात, कुणीतरी जुना माणूस सोबत देतात आणि तो माणूस तुम्हाला दहा पुस्तकांपेक्षा जास्त सांगेल. फ्लॅश नको. दफनभूमीत नवीन कबरीवर फुलं असतील तर ती सोडा, घरच्यांचं दुःख ताजं असतं. नोव्हेंबरच्या २ तारखेला मृतांच्या दिवशी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या असतात, दृश्य कितीही सुंदर असलं तरी लांब उभं राहून काढा.

आणि @चुनखडी, तहातल्या कलमाचं म्हणालात ते ठीक, पण आमच्याबद्दल बोलताना गोष्ट नेहमी पोर्तुगीज आणि पेशवे यांच्यातच का असते? केळी कुणी लावली, रहाट कुणी चालवले, चर्च बांधायला दगड कुणी वाहिले त्यांचे पण फोटो असतात की.

चुनखडी_आणि_दगड

मान्य, कागद त्यांनी ठेवले म्हणून त्यांची गोष्ट पहिली तोंडात येते. पण त्यांचे फोटो काढायचे तर कुठे दिसतील ते सांगा ना, म्हणजे फिरस्ताचंही काम होईल.

लुगडं_आणि_लेन्स

सांगते. किल्ल्यातून बंदराकडे बाहेर पडलं की किल्लाबंदर आणि पुढे पाचूबंदर, कोळी ख्रिस्ती वस्ती. बांबूंवर बोंबील वाळत असतात, बोटींच्या नाकावर क्रूस आणि नावं रंगवलेली, बोटींची नावं वाचत गेलात तरी अर्धा दिवस जाईल. जुन्या घरांच्या ओट्यावर बसायला दिलं तर बसा, भिंतीवर आजोबा-पणजोबांचे स्टुडिओतले फोटो फ्रेम करून लावलेले असतात, ते दाखवायला लोकांना फार आवडतं. तो फोटो घेऊन उभा असलेला घरचा माणूस, हा तुमचा फोटो. आणि प्रिंट नेऊन द्या नंतर. व्हॉट्सअॅपवर नको, प्रिंट.

फिरस्ता_डोंबिवली

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, धन्यवाद सगळ्यांना. म्हणजे उलट दिशेने चालतो, पाचूबंदरपासून सुरू करून किल्ल्यातून पापडीकडे, सकाळचं तिरपं ऊन फ्रान्सिस्कन चर्चला मिळेल आणि पापडीला पोचेपर्यंत मिस्सा संपलेली असेल. जमेल का एका सकाळीत? आणि आमच्याकडून दिवा-वसईने यायचं की काही सोपं आहे?

बावखल

दिवा-वसईने या, पण गाड्या कमी, वेळ बघूनच निघा. नाहीतर भाईंदरला या आणि रो-रो म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट पकडा, २०२४पासून चालू झालीय, खाडी ओलांडून थेट किल्ल्याच्या जेट्टीला उतरवते, आणि पाण्यातून येताना तटबंदी जशी दिसते तशी रिक्षातून कधीच दिसत नाही. फक्त भरती-ओहोटीप्रमाणे वेळ बदलते ती आदल्या दिवशी चेक करा. एका सकाळीत पाचूबंदर ते पापडी चालून होईल, बघून होणार नाही, गोष्ट वेगळी. अर्धं दुसऱ्या रविवारी ठेवा. निघताना सुकेळी घ्या, उन्हात वाळवलेली केळी, आगाशीची असतील तर दोन पुडे जास्त, आणि @पंचवटी ना एक पाठवा, घंटा तर परत मिळणार नाही.