व्हीआरमध्ये ड्रोनचं शेत दाखवताना झाडं वितळतात, मुलांना गरगरतं

काळी_माती, जालना
कृषी पदविकेच्या ३० मुलांना ड्रोनच्या फोटोंवरून कपाशी-सोयाबीनची कीड ओळखायला शिकवायची आहे. व्हीआरचे, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी दृश्य बघायचे हेडसेट तीनच. ३० मीटरवरून काढलेले फोटो जोडून थ्रीडी शेत बनवलं, पण झाडं मेणासारखी वितळलेली दिसतात आणि मुलांना पाच मिनिटांत मळमळतं. काय चुकतंय?

बांधावरचा_पायलट
वितळण्याचं कारण वारा. एका फोटोत पान इकडे, दुसऱ्यात तिकडे, मग सॉफ्टवेअर जुळवणार काय? वारा पडलेला असताना उडवा, ओव्हरलॅप, म्हणजे एक फोटो दुसऱ्यावर चढण्याचं प्रमाण, पुढे ८० टक्के, बाजूला ७५ ठेवा. ढगांची ये-जा असेल तर थांबा. नाहीतर शेतात उजेड-सावलीचे पट्टे उमटतात आणि मुलं त्यालाच रोग म्हणतात.

उंचीही जास्त आहे. एक इंची, २० मेगापिक्सेल सेन्सरचा एक पिक्सेल ३० मीटरवरून सुमारे ०.८ सेंमी जागा व्यापतो, १० मीटरवरून ०.२७. तुडतुडा जेमतेम ३ मिमीचा, म्हणजे तिथूनही एक ठिपकाच!

खरं तर झाडं थ्रीडी करूच नका. जमिनीवर सपाट नकाशा अंथरा आणि ८-१० ठिकाणी पिकात उभं राहून घेतलेले ३६० अंशांचे फोटो जोडा. मॉडेल हलकं होतं, फ्रेम अडकत नाहीत, म्हणजे मळमळही कमी. मळमळ दृश्य आपोआप सरकल्यानेही होते. बोट दाखवेल तिथे मुलगा थेट पोचला पाहिजे, तरंगत नको.

कीड_मास्तर, परभणी
वरच्याशी सहमत, पण मुद्दा वेगळा आहे. वरून कीड दिसत नाही, लक्षण दिसतं. कपाशीतला लाल पट्टा तुडतुड्यांचा की लाल्याचा? तुडतुड्यांनी पानाच्या कडा पिवळ्या, मग लाल होतात आणि खाली मुडपतात. पान उलटलं की पिल्लं तिरकी पळतात. मॅग्नेशियम कमी पडून आलेल्या लाल्यात खालच्या जुन्या पानांच्या शिरा हिरव्या राहतात, मधला भाग लाल होतो. दोन्ही पानांचे मागून-पुढून फोटो दृश्यात टाकाच. सोयाबीनमध्ये वरून फक्त सुकलेला शेंडा दिसेल. चक्रीभुंग्याने देठावर किंवा खोडावर पाडलेल्या दोन गोल खाचा खाली वाकूनच बघाव्या लागतात.

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, तिथे ड्रोनचा काही इलाज नाही. दृश्यात कामगंध सापळा (मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा) ठेवा आणि पतंग मोजायला लावा: सलग तीन रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग म्हणजे फवारणीची वेळ.

आणि एक चिबडलेलं, म्हणजे पाणी साचलेलं रानही घ्या. एनडीव्हीआय नकाशात (पिकाचा हिरवेपणा दाखवणाऱ्या) ते किडलेल्या पिकासारखंच फिकं दिसतं, मुलं हमखास फसतात. फसू द्या.

काळी_माती, जालना
भारी. आणि तीन हेडसेटमध्ये ३० जण कसे बसवायचे?

बांधावरचा_पायलट
दहा-दहाचे गट. एकाच्या डोळ्यावर हेडसेट, बाकीच्यांना तेच टीव्हीवर. तो बोलेल ते जोडीदाराने तक्त्यात भरायचं. दहा मिनिटांनी बदला. अ‍ॅप केबलने आधीच टाकून ठेवा, नेटच्या भरवशावर राहू नका. आणि हेडसेट उन्हात उताणा ठेवू नका, भिंगातून ऊन शिरून पडद्यावर कायमचा डाग पडतो.