अंडरग्राउंड रेलरोड: नदी ओलांडली तरी पुढे कॅनडापर्यंत का जायचे लोक?

ओहायोवासी:
लेक सहावीत आहे, शाळेत अंडरग्राउंड रेलरोडवर प्रोजेक्ट दिलाय. भुयार नव्हतं, रेल्वे पण नव्हती, गुलामांना पळून जायला मदत करणाऱ्या लोकांची साखळी होती, इथपर्यंत गाडी आली. पण आता तिने जे विचारलंय त्यावर मी अडकलोय. आम्ही सिनसिनाटीत राहतो, नदीकाठी उभं राहिलं की समोर केंटकी दिसतं. तिकडे गुलामगिरी होती, इकडे ओहायोत नव्हती. मग नदी ओलांडली की सुटले ना? अजून चारशे किलोमीटर तंगडतोड करून कॅनडात कशाला जायचं? आणि टीचरने सांगितलंय की गोधड्यांवरच्या नक्षीत गुप्त खुणा असायच्या, तर तशी गोधडी शिवून आणा. हे खरंय का? शिवायला बसायच्या आधी विचारून घेतोय 😀

कायद्याचं_बोला:
मुलगी हुशार आहे, बरोबर जागी बोट ठेवलंय तिने. ओहायोत गुलाम ठेवायला बंदी होती हे खरं पण केंटकीतून पळून आलेला माणूस ओहायोत पाय ठेवल्याने कायद्याने मोकळा व्हायचा नाही. पळालेला गुलाम परत करायचा हे अमेरिकेच्या घटनेतच होतं, १७९३ साली त्यावर कायदा झाला आणि १८५० साली तो इतका कडक केला की विचारू नका. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष द्यायची मुभा नाही. निकाल देणारा कमिशनर असायचा, त्याने माणूस मालकाला परत दिला तर त्याला फी १० डॉलर आणि सोडून दिला तर ५. म्हणजे लाचच की, फक्त सरकारी पावती असलेली. (समर्थन काय, तर परत पाठवायचं म्हटलं की कागदपत्रं जास्त करावी लागतात!) मदत करणाऱ्याला १००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, आणि पोलिसाने हाक मारली की तिथल्या साध्या नागरिकाने पण पकडायला धावायचं.

कॅनडा तेव्हा ब्रिटिशांकडे होता आणि त्यांच्याकडे १८३४ पासून गुलामगिरी बंद. तिथे हे कमिशनर वगैरे काही चालायचं नाही. म्हणून तंगडतोड.

तुमच्याच गावातली मार्गारेट गार्नरची केस वाचा, जानेवारी १८५६, नदी गोठलेली होती म्हणून कुटुंबच्या कुटुंब बर्फावरून चालत आलं आणि सिनसिनाटीत एका नातेवाइकाच्या घरात वेढलं गेलं. पुढचं फार भयानक आहे, सहावीतल्या मुलीला सांगायच्या आधी तुम्ही वाचा. शेवटी त्यांना परतच पाठवलं.

रानवारा:
गोधडीवर वेळ घालवू नका. त्या काळातला काहीही पुरावा नाही, ना पळून आलेल्यांच्या आठवणीत ना कुठल्या कागदात. ही गोष्ट १९९० च्या दशकात एका पुस्तकामुळे पसरली आणि शाळांना भलतीच आवडली कारण वर्गात करायला सोपी.

तसंच हॅरिएट टबमनचं. ती १८४९ ला मेरीलंडमधून पळाली आणि मग माणसं आणायला परत परत गेली. नेटवर सगळीकडे "३०० लोक सोडवले, डोक्यावर ४०,००० डॉलर इनाम" असं दिसेल. अभ्यासकांचा हिशोब साधारण १३ फेऱ्या आणि ७० माणसं असा आहे, आणि १८४९ च्या जाहिरातीत तिच्यासाठी इनाम होतं राज्याबाहेर सापडली तर १०० डॉलर. मला तर हेच जास्त भारी वाटतं. ४०,००० वाली बाई सिनेमातली वाटते, १०० वाली खरी वाटते. बाय द वे पहिल्या वेळी दोन भाऊ बरोबर निघाले होते, ते घाबरून मागे फिरले आणि तिलाही घेऊन आले, मग ती एकटी निघाली.

चहा_अर्धा:
ओहायोवासी, तुमच्यापासून तासाभरावर रिप्ली नावाचं गाव आहे नदीकाठी, तिथल्या जॉन पार्करवर प्रोजेक्ट करा, टबमनवर अख्खा वर्ग करणार. हा स्वतः गुलाम होता, लहानपणी व्हर्जिनियातून विकला गेला, पुढे अलाबामात मोबाइल गावी लोखंडाच्या भट्टीत काम करून पैसे साठवले आणि १८४५ ला १८०० डॉलर भरून स्वतःलाच विकत घेतलं. मग रिप्लीत स्वतःची फाउंड्री टाकली, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना. दिवसा फाउंड्री, आणि रात्री होडी घेऊन पलीकडे केंटकीत, माणसं आणायला.

त्याने नंतर एका पत्रकाराला सगळं सांगितलं त्यात एक किस्सा आहे. एका जोडप्याला पळायचं होतं पण मालकाला संशय आलेला म्हणून तो त्यांचं तान्हं बाळ रोज रात्री स्वतःच्या खोलीत ठेवायचा, पलंगाच्या पायथ्याशी. बाळ सोडून आईबाप कुठे जाणार, असा हिशोब. पलंगाशेजारी खुर्चीवर मेणबत्ती आणि पिस्तुलं. बापाची आत जायची हिंमत होईना, तर हा पठ्ठ्या अंधारात स्वतः आत गेला, रांगत रांगत पलंगापर्यंत, बाळ उचललं, तेवढ्यात मालक जागा झाला, मेणबत्ती पडली आणि हा जो पळत सुटला तो थेट होडीत. मागून गोळीबार. 

ओहायोवासी:
बाप रे, हे तर कुणी सांगितलंच नव्हतं. पण मग एक शंका. केंटकी, मेरीलंड म्हणजे बॉर्डरवरची राज्यं. अगदी खाली जॉर्जिया, टेक्ससमधल्या लोकांनी काय करायचं? तिथून कोण पायी येणार?

रानवारा:
म्हणूनच पळून उत्तरेत पोचलेले बहुतेक बॉर्डरवरचेच. टेक्ससवाले उलट दक्षिणेला पळायचे, मेक्सिकोत. मेक्सिकोने १८२९ लाच गुलामगिरी बंद केली होती. ही दिशा आपल्याला कुणी शिकवतच नाही.

जॉर्जियाचं म्हणाल तर एलन आणि विल्यम क्राफ्ट, मेकन गाव, डिसेंबर १८४८. एलनचा बाप गोरा मालकच होता त्यामुळे ती दिसायला गोरी, आणि बापाने तिला आपल्या दुसऱ्या मुलीच्या लग्नात भेट म्हणून देऊन टाकलेली, म्हणजे सावत्र बहिणीची गुलाम. तर एलनने केस कापून पुरुषाचे कपडे घातले आणि आजारी गोरा मालक बनली, आणि खरा नवरा विल्यम तिचा नोकर. लिहिता येत नव्हतं, हॉटेलात सही मागतील, म्हणून उजवा हात गळ्यात बांधला. दाढी नाही हे लपवायला गालाला पट्टी, दातदुखीची. वर हिरवा चष्मा. आणि सरळ फर्स्ट क्लासचं तिकीट! गाडीत शेजारी येऊन बसला कोण तर मालकाच्या ओळखीतला माणूस, जो तिला लहानपणापासून बघत आलेला. तो बोलायला लागला तशी ही बहिरी झाली, खिडकीबाहेर बघत बसली. पुढे चार्ल्सटन, मग बाल्टिमोर, दोन्हीकडे अडवलं, दोन्हीकडे थोडक्यात सुटले आणि नाताळच्या दिवशी फिलाडेल्फियात, म्हणजे गुलामगिरी नसलेल्या राज्यात. पण वर कायद्याचं_बोला म्हणाले तेच, १८५० नंतर पकडणारे बॉस्टनपर्यंत आले आणि दोघांना इंग्लंड गाठावं लागलं.

कुरकुऱ्या:
छान छान गोष्टी चालू आहेत पण १८६० च्या जनगणनेत गुलाम ३९ लाखांच्या वर होते. त्यातले किती पळाले? दर वेळी ते दयाळू क्वेकर (गुलामगिरीच्या विरोधातला ख्रिस्ती पंथ) आणि खिडकीतला कंदील. आपले जोतीराव फुले तरी भाबडेच, १८७३ ला आख्खं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं.

चहा_अर्धा:
भाबडे कसले, अर्पण करून ते इथल्यांना टोमणा मारत होते की बघा, तिकडच्यांनी केलं, तुम्ही काय करताय. आणि क्वेकर होते पण बरंचसं काम काळ्या लोकांनीच केलं, पार्कर काय गोरा होता का. फिलाडेल्फियात विल्यम स्टिल नावाचा काळा कार्यकर्ता पळून येणाऱ्या प्रत्येकाची माहिती लिहून ठेवायचा, एकदा असाच एकाला गाव, आईबाप विचारत होता आणि समोरचा निघाला सख्खा भाऊ, जो आई पळाली तेव्हा मागे राहिला होता.

कायद्याचं_बोला:
कुरकुऱ्यांचा आकड्याचा मुद्दा मात्र बरोबर आहे, मोठी पळापळ यादवी युद्धात झाली, गुलामगिरीवाली दक्षिणेतली राज्यं वेगळा देश म्हणून फुटली तेव्हा. मे १८६१, व्हर्जिनियात तीन गुलाम, फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड, रात्री होडीने फोर्ट मनरो नावाच्या उत्तरेच्या किल्ल्यात आले. त्यांना दक्षिणेच्या तोफांसाठी खोदकामाला लावलं होतं. मालकाचा माणूस पांढरं निशाण घेऊन आला, म्हणे १८५० च्या कायद्याने परत द्या. जनरल बटलर पेशाने वकील, तो म्हणाला तुम्ही तर म्हणता आमचा देश वेगळा, मग अमेरिकेचा कायदा तुम्हाला कुठून लागू? शत्रूचा माल म्हणून जप्त! माणसाला माल म्हणणं वाईटच, पण बातमी पसरली आणि काही आठवड्यात शेकडो लोक, बायकापोरांसकट, किल्ल्याकडे चालत आले. प्रोजेक्टमधे एक पान याला द्याच.

ओहायोवासी:
देतो. गोधडी कॅन्सल, टीचरला मेल पण टाकलाय. शनिवारी रिप्लीला जायचं ठरतंय. पार्करचं घर बघता येतं का?

चहा_अर्धा:
हो, म्युझियम केलंय, पण ते वर्षभर उघडं नसतं, आधी फोन करून जा. आणि टेकडीवर पळून आलेल्यांना आसरा देणाऱ्या रँकिन पाद्रीचं घर आहे तेही बघा, वरपर्यंत गाडी जाते. पण मुलीला खालून पायऱ्यांनी चढवा, तेवढंच प्रोजेक्टमधे लिहायला होईल.